रोज सकाळी हाताची परीक्षा

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तिळाएवढा असतो. जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि असे स्क्रू मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता बसवत आलो आहे. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तो स्क्रू पेचकसच्या टोकावरून घसरला. उचलून लावला, पुन्हा घसरला. गिऱ्हाईक भला माणूस, म्हणाला राहू द्या, उद्या नेतो. मी हसलो, पण त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. माझ्या वडिलांना कंपवात आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते धुळ्याला, देवपुरात, मोठ्या भावाकडे राहतात. त्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा ते माझ्याहून फार मोठे नव्हते. आता त्यांचा हात हलतो, हनुवटी हलते, शर्टाची बटणं वहिनी लावून देते. हा आजार मुलांमध्ये उतरतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला केव्हाच सांगितलं होतं. असल्या वाक्यातून माझ्यासारखा भित्रा माणूस नेमकं काय ऐकतो, हे त्या डॉक्टरांना कुणी सांगायला हवं होतं.

बायको म्हणाली, दाखवून या. मी गेलो नाही. गेलो असतो तर कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं. मला फक्त रोज सकाळी खात्री हवी होती. म्हणून मी वस्तरा आणला.

दुकानाशेजारच्या सलूनवाल्याला तो दाखवला तेव्हा त्याने मला वेड्यातच काढलं. अख्ख्या पात्याचा वस्तरा आता त्याच्याकडेही नव्हता. तो अर्धं ब्लेड अडकवतो आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतो. तरी त्याने मन लावून शिकवलं. पातं चामड्याच्या पट्ट्यावर पुढे-मागे कसं ओढायचं, डाव्या हाताने कातडी कशी ताणून धरायची, पातं गालाला जवळजवळ आडवं कसं टेकवायचं. दाबायचं नाही आणि घाई करायची नाही, एवढं त्याने पुन्हा पुन्हा बजावलं. या वयात हे खूळ कुठून डोक्यात शिरलं, असंही विचारलं. मी शौक म्हणालो. खरं कारण असं होतं की साधं रेझर माणसाला सांभाळून घेतं आणि वस्तरा कुणाची भीड ठेवत नाही. हात जरा जरी हलला असता तर गालावर दिसलं असतं.

पहिले काही दिवस माझा चेहरा मांजराने ओरबाडल्यासारखा झाला. प्रत्येक ओरखड्यावर तुरटी फिरवताना मी स्वतःची उलटतपासणी घ्यायचो. हा नवखेपणाचा की त्या दुखण्याचा? हळूहळू हात बसला. ज्या दिवशी दाढी स्वच्छ व्हायची त्या दिवशी मी दुकानात शीळ घालत जायचो. जबड्याखाली रक्ताचा एक ठिपका दिसला की दिवस वाया. मग कुणाशी धड बोलायचो नाही, जेवताना घास उचललेल्या बोटांकडे बघत बसायचो. बायको सगळं बघत होती. एकदा तिने सरळ विचारलं, की ही दाढी आहे की पेपर?

मग श्रावण आला. आमच्या घरी श्रावणात पुरुष दाढी करत नाहीत. एरवी मला त्याचा आनंदच व्हायचा, सकाळची एक कटकट कमी. या वर्षी मात्र महिनाभर परीक्षाच बंद झाली आणि मी कावराबावरा झालो. चहाचा कप काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत नेऊन बघायचो. दुकानात एकटा असलो की चांगल्या फ्रेमचे स्क्रू काढून परत लावायचो. जमायचंही, पण जिवाला स्वस्थता नव्हती.

पोळ्याच्या आधी वहिनीचा फोन आला. आबांची दाढी करायला घरी येणारा माणूस आता येत नाही म्हणे. हनुवटी हलते, पातं लागेल, नको ती जबाबदारी, असं तो म्हणाला होता. तुम्ही हल्ली वस्तऱ्याने करता ना, मग तुम्हीच करा, असं वहिनीने सांगितलं. तिने ते सहज सांगितलं. पण धुळ्याला जाताना पारोळ्यापर्यंत बसमध्ये मांडीवरची वस्तऱ्याची पिशवी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पोळ्याला पुरणपोळ्या झाल्या. अमावास्येला आमच्याकडे कुणी दाढीला हात लावत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना अंगणात खुर्चीवर बसवलं. त्यांची सकाळची गोळी लागू झाली की तासभर हनुवटी जरा शांत असते. भावाने गरम पाण्याचं भांडं आणून ठेवलं आणि तो समोर बाजेवर बसला. आमच्या तिघांच्याही दाढ्या वाढलेल्या, बैराग्यांची पंगत बसावी तशा. मी फेस केला, आबांची हनुवटी डाव्या हातात धरली आणि पातं टेकवलं. गळ्याजवळ आलो तेव्हा माझा श्वास बंद होता. पण हात हलला नाही. एक ओरखडाही उठला नाही.

मला इतकं हलकं वाटलं की इतके महिने पोटात ठेवलेलं मी बोलून गेलो. वस्तरा कशासाठी आणला, रोज सकाळी काय बघतो, सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. आजारामुळे त्यांचा आवाज बारीक झाला आहे, म्हणून मी वाकलो.

"कामना हात हालत नही," आबा म्हणाले. "मना बी नही हाले. रिकामा हात हालस. रिकामा हात दखना पडस."

म्हणजे कामातला हात हलत नाही, हलतो तो रिकामा, आणि बघायचा तोच; माझी परीक्षाच चुकीची होती. मी खाली पायरीवर बसलो, हात मांडीवर मोकळे सोडले आणि बघत राहिलो. उजवा, मग डावा. ते स्वस्थ पडून होते. डोळे भरून आले. वर बघितलं तर आबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते भावाकडे बघत होते.

भाऊ उजवा तळवा मांडीखाली दाबून बसला होता. पाण्याचं भांडंही त्याने डाव्या हाताने आणलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. आबांचं ते वाक्य माझ्या हाताबद्दल नव्हतंच. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की मी सुटलो. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

कधीपासून, असं मी विचारलं. त्याने मांडीखालचा हात काढला आणि तो आपोआप हलायला लागला.

"दिवाळीपाईन," तो म्हणाला. "तू आधीच घाबरेल व्हता. तुले कसं सांगू?"

मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये बऱ्याच दिवसांपासून होता. मी कधी लावला नव्हता. तिथेच, हाताला साबण असताना, तो लावला. पलीकडून पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा मी भावाचं नाव सांगितलं.