दुसरी किल्ली

आयुधपूजा होती. आमच्या कुंभकोणमच्या बँकेत ती सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी होते. ज्याचं जे हत्यार, ते देवीपुढे ठेवायचं. कारकुनांचे शिक्के, शिपायाची कात्री, पहारेकऱ्याची बंदूक, तिजोरीच्या किल्ल्या. कापूर ओवाळून झाला की मॅनेजर सर एकेक वस्तू उचलतात, चंदन-कुंकू लावतात आणि ज्याची त्याला परत देतात.

सगळ्यांना मिळालं. मी हात पुढे करून उभी. सरांनी तिजोरीची दुसरी किल्ली उचलली, कुंकू लावलं आणि स्वतःच्या खिशात टाकली. मग ताटाच्या कडेला ठेवलेली लाल मण्यांची माळ उचलून माझ्या हातावर ठेवली.

"हें तुमचें आयुध," ते मराठीत म्हणाले. मग तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले.

मीही हसले. द्रोणातून सुंडल मिळालं, ते खाल्लं. उकडलेले हरभरे, वर खोबरं. चव लागली नाही. राग आला नाही, रडूही नाही. आत काही हललंच नाही. माळ पर्समध्ये टाकून मी खोलीवर गेले आणि कपडे धुतले.

ती किल्ली माझी होती. तिजोरीला दोन किल्ल्या. एक रोखपाल रमणीअम्मांकडे, दुसरी माझ्याकडे, कारण सरांच्या खालोखाल अधिकारी मीच. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही.

मी सोलापूरकडची. परीक्षा देऊन बँकेत लागले आणि बदली झाली ती थेट इथे. सर जन्माने इथले, पण घरात मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते म्हणे. माझं आडनाव त्यांच्या जुन्या राजांचं निघालं. सर खुर्चीतून उठले. "आमच्या घरीं जेवावयास येवा. तुम्हीं घरच्याच जाहल्यां," म्हणाले. मेलकावेरीच्या त्यांच्या घरी केळीच्या पानावर जेवले. सरांच्या बायकोने मोगऱ्याचा गजरा दिला. पारध्यांतही हीच आडनावं असतात, हे मी बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही. माझी फाईल त्यांनी कधी उघडली नाही, आडनावच पुरेसं होतं.

मग पूजेच्या काही आठवडे आधी मणी विकणारी बाई शाखेत आली. महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसते, नरिकुरवांपैकी, इथल्या भटक्या जमातीतली. खातं काढायचं होतं. पहारेकऱ्याने तिला दारातच थांबवलं. ती कडेवरच्या पोरीला काहीतरी पुटपुटली आणि माझ्या अंगावर काटा आला. शब्द थोडे वेगळे होते, पण बोली आमची होती. आमच्या पालावरची. आईने बजावलं होतं, बाहेर बोली काढायची नाही. पण तोंडातून निघून गेलं.

"आव, बेस," मी म्हणाले. ये, बस.

अख्खी शाखा वळली. ती बाईही दचकली. मग येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसली. सर केबिनमधून बाहेर आले.

"ही भाषा तुम्हांस कशी येते?"

"आईची आहे. आम्ही पारधी."

"बरें," सर म्हणाले. आणि केबिनमध्ये परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली मागून घेतली. "थोडे दिवस मजपाशीं असूं द्या. उद्यां कांहीं कमी पडलें, तर बोट तुम्हांकडेच जाईल." मी दिली. जेवायला बोलावणं बंद झालं, ते मी धरलंच होतं. पण रोज सकाळी रजिस्टर माझ्यापुढे येई. दुसरी किल्ली माझ्या ताब्यात आहे, असं लिहून खाली माझी सही. किल्ली त्यांच्या खिशात, सही माझी. मी करत राहिले. का, ते विचारू नका. सवय असते.

सुट्ट्या संपल्या. सकाळी ती माळ गळ्यात घातली. ठरवून नाही. पर्समध्ये हाताला लागली, घातली. बसमध्ये कुणी पाहिलं नाही, शाखेत सगळ्यांनी पाहिलं.

रमणीअम्मांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "साइन पण्णिडुंगो, मेडम." सही करून टाका.

पेन उचललं आणि बाप दिसला. गावात चोरी कुठेही होवो, पोलीस आधी आमच्या पालावर यायचे. बापाला न्यायचे. चौकीत कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घ्यायचे. कागदावर काय लिहायचं ते नंतर त्यांचं ते ठरवायचे. मी शिकले, परीक्षा दिली, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसले. आणि रोज सकाळी तेच करत होते. उद्या तिजोरीत काही कमी पडलं असतं, तर चोर तयारच होता. सहीसकट.

मी पेन खाली ठेवलं.

"किल्ली द्या. मग सही."

सर केबिनच्या दारात आले. "लोक खोळंबले आहेत."

"किल्ली द्या."

"तुमच्या भल्याकरितांच ठेविली ना मी?"

"मग सही तुम्ही करा. किल्ली कुणाकडे आहे ते लिहा."

ते लिहू शकत नव्हते. किल्ली नियमाने माझी होती, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. बाहेर लोक पासबुकं घेऊन दाराशी उभे होते. सरांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि एका बोटाने माझ्याकडे सरकवली. कुंकू अजून तिला चिकटलेलं होतं. मी ते पुसलं, सही केली, रमणीअम्मांसोबत जाऊन दार उघडलं.

जिंकल्यासारखं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. त्या दिवसापासून सर माझ्याशी मराठी बोलत नाहीत, तमिळमध्ये काम सांगतात. माझ्या बदलीची कुजबुज आहे. मी वरच्या ऑफिसला तक्रार पाठवली आहे. पूजेचं लिहिलं, माळेचं लिहिलं, किल्ली किती दिवस कुणाच्या खिशात होती तेही लिहिलं. त्यात माझी जातही लिहिली, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

मणीवाली आली की मी जागेवरूनच हाक मारते. आव, बेस. केबिनमध्ये ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बदली करायची तर करा. जिथे जाईन तिथे पहिल्या दिवशी सांगेन मी कोण ते, आणि हात पुढे करेन, किल्ली द्या म्हणून. बापाचा अंगठा त्यांनी कोऱ्या कागदावर घेतला. माझी सही त्यांना मिळणार नाही.