तेहतीस पायऱ्यांची सायकलवाट

२ मे २०२४ रोजी वाडीच्या सायकल समितीपाशी चौसष्ट हजार तीनशे पन्नास रुपये जमले होते. ज्याच्या हातून ते खर्च व्हायचे होते, त्या भागोजी गवंड्याने जन्मात कधी सायकल चालवली नव्हती.

भागोजी एकसष्टचा. जांभ्या दगडाचा चिरा हातात घेतला की तो कुठे बसेल हे त्याला नुसत्या वजनावरून कळे. आरे-वारेपासून मालगुंडपर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्या उतरत जाणाऱ्या कितीतरी पाखाड्या त्याच्या हातच्या. पण शाळेच्या मुलांसाठी सायकलवाट करायच्या या कामात त्याचा जीव अडकला होता तो नातीपायी. सानवीचे आईवडील मुंबईला. ती आजीआजोबांकडे राहून मालगुंडच्या शाळेत जाई. दिवाळीच्या सुट्टीनंतर किनाऱ्याच्या रस्त्यावर पर्यटकांच्या एका गाडीने तिला सायकलसकट गटारात घातलं. कोपर मोडलं. आजीने, तुळसाने, सायकल पडवीच्या वाशाला टांगली.

"ही आता खाली उतरायची नाय," तुळसा म्हणाली.

शाळा अकराची आणि एसटी एकच, सकाळी पावणेसातची. उन्हाळ्यात मुलाचा फोन आला, वाट झाली नाही तर पोरीला मुंबईला घेऊन जातो. शाळा १५ जूनला उघडणार होती.

समितीचा सेक्रेटरी मन्सूर. मस्कतला बावीस वर्षं काढून आता नाक्यावर सायकली दुरुस्त करायचा. बागवाल्यांच्या दारात खेटे घालून त्याने सड्यावरून, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळमाळावरून, शाळेपर्यंत साडेतीन फुटांची पट्टी मिळवली. सडा बहुतेक सपाट, तिथे मुरूम टाकला की झालं. शेवटी सगुणाबाईंच्या आंब्याच्या बागेतून मोठा उतार होता. ते काम भागोजीला सांगून, कागद हातात देऊन, मन्सूर भाचीच्या लग्नाला मुंबईला गेला.

अकरा दिवसांनी परत आला तो थेट बागेत. वर उभा राहून बघतच राहिला. खाली तेहतीस पायऱ्या, एकसारख्या, आरशासारख्या.

"भागोजी, ह्या पायऱ्या कशाला?"

"पाखाडीला पायऱ्या नायतर काय खिडक्या असतात?"

"अरे, सायकल उतरणार कशी?"

"हातात धरून. आमच्या बाया डोक्यावर भारे घेऊन उतरल्या. ह्या पोरांना एक सायकल धरवत नाय?"

"धरूनच न्यायची तर सायकल कशाला पाहिजे? बकरी घेऊ."

भागोजीने खिशातून कागद काढला. 'पाखाडी बांधणे', अक्षर मन्सूरचंच. ग्रामपंचायतीच्या छापील अर्जात सायकलच्या वाटेसाठी रकानाच नव्हता, म्हणून मन्सूरने जवळचा शब्द लिहिला होता. कामाच्या कागदावर तोच उतरला.

"माझीच चूक," मन्सूर म्हणाला आणि पहिल्या पायरीवर बसला. शाळेला पंचवीस दिवस उरले होते.

भागोजी बसला नाही. तो घरी गेला, वाशाची दोरी सोडून सायकल खाली घेतली आणि सानवीला हाक मारली. तुळसा दारात आली.

"कुठे नेताय ती?"

"सड्यावर. उतार मोजायचाय."

सड्यावर सानवी पुढे, भागोजी मागे कॅरिअरवर, दोन्ही पाय फाकून. एका उतारावर सायकल सुसाट सुटली, ब्रेक किंचाळले, भागोजीने नातीचा फ्रॉक घट्ट धरला. दुसऱ्या उतारावर ती अलगद थांबली.

"इथे जमतं बघा, आजोबा. पावसातपण जमेल."

भागोजीने तिथेच पाण्याची नळी लावून पातळी मोजली. एक फूट खाली जायला दहा फूट लांबी. हसू त्याच्या तोंडावर मावेना. पायऱ्या अर्धा फूट उंचीच्या, म्हणजे एकूण उतार साडेसोळा फुटांचा. वाट हवी एकशे पासष्ट फूट. सरळ गेलं तर जागा नाही, पण कलमांच्या ओळींमधून तीन वळणं घेतली तर बसत होती. फक्त मधला गडगा, म्हणजे चिऱ्यांचा बांध, फोडावा लागणार होता, आणि गडगा सगुणाबाईंचा.

"पट्टी दिली, आता बागच मागा," सगुणाबाई म्हणाल्या.

"बाग नको. कलमाला हात लावणार नाय. गडग्यात फक्त चार फूट तोंड."

"पाडलेला गडगा पुन्हा बांधायला कोण येतं? तोंडाच्या दोन्ही बाजूंना माझे चिरे मला परत बसवून पाहिजेत."

"एकूण एक बसवतो."

दुसऱ्या दिवशी भागोजीने स्वतःच्या हाताने स्वतःची पाखाडी उखडली. पहिला चिरा काढताना त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पहार जोरात चालू लागली. बातमी वाडीभर झाली तशी माणसं येऊ लागली. मन्सूरची बायको हफीजा दुपारची भाकरी पाठवू लागली. तुळसा एक दिवस नुसती बघायला आली आणि संध्याकाळपर्यंत रेती वाहत राहिली. कडांना पायऱ्यांचेच चिरे, मध्ये काँक्रीट. चाक घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर माडाच्या हिरांच्या केरसुणीने आडव्या रेघा ओढायच्या. ते काम सगुणाबाईंनी कोणाला करू दिलं नाही.

"अंगण झाडते तशीच वाट झाडते मी," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या वळणावर चिरे संपले. गडग्यातून निघालेले चिरे बाजूला रचून ठेवले होते. भागोजीने त्यातले अकरा मोजून घेतले आणि कड पुरी केली. ५ जूनला काम संपलं. दहा दिवस त्यावर ओली गोणपाटं होती.

१५ जूनला सकाळी दहाला सड्यावर तेवीस सायकली उभ्या राहिल्या. सानवी सगळ्यांत पुढे. भागोजी खालच्या टोकाला, हात पुढे करून, जणू पडलीच तर झेलणार. पहिलं वळण, दुसरं; आंब्यांच्या आड ती दिसेनाशी झाली आणि नुसती घंटी ऐकू येत राहिली. तिसऱ्या वळणातून ती बाहेर आली ती एक हात सोडून.

"दोन्ही हात धर गो," तुळसा ओरडली.

सानवी तिच्या शेजारून शाळेच्या फाटकात गेली. मागून बावीस घंट्या. मन्सूरने तिथूनच मुंबईला फोन लावला आणि सानवीच्या बापाला त्या घंट्या ऐकवल्या.

मुंबईचा विषय त्या दिवशी मिटला. पायऱ्यांचं कौतुक ऐकायला सोकावलेला भागोजी आता त्या वाटेवर कोणी भेटलं की एकच विचारतो, "ब्रेक लावावा लागला काय?"

सगुणाबाईंच्या गडग्याचे अकरा चिरे अजून द्यायचे आहेत.