बॉनेटखालची पट्टी

काळेवाडीत जुन्या गाड्या तोडणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, गाडीकडे बघतो. दार, काच, गिअरबॉक्स, मागाल ते विकतो. फक्त बॉनेटखालची चासी नंबरची पट्टी विकत नाही. गाडी तोडायला आली की मालकासमोर छिन्नीने आधी त्या पट्टीचे तुकडे करतो.

मी हौसेने दुरुस्त करून उभ्या केलेल्या जुन्या गाडीला कागदच नव्हते. त्याच मॉडेलच्या एका भंगार गाडीची पट्टी मी त्याच्याकडे मागितली.

“न्हाई राव. मेलेल्या गाडीचं नाव दुसरीला लावायचं न्हाई. चोरीच्या गाड्याबी आशाच फिरत्यात.”

मग चाकणच्या एकाकडून मी पट्टी आणि कागद दोन्ही मिळवले. पट्टी मीच रिव्हेट मारून बसवली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परवा तो गाडी बघायला आला. रंगावरून हात फिरवला, दारं लावून आवाज ऐकला.

“झ्याक झालीय.”

सवयीने मी म्हणालो, “इंजिन बघता का?”

“नको. बॉनेट उघडलं की मला दिसंल. मंग तुमच्याकडं यायला जमायचं न्हाई, राव.”

पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला.