बोटीच्या नाकातली गादी

रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला, की मला ती बोटीची गादी आठवते. चौक गावात जुन्या हायवेवर आम्हा नवरा-बायकोचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान. नव्या ट्रकांना सीटा तयारच येऊ लागल्या आणि काम आटत चाललं. तेवढ्यात बोटींच्या एका कारखान्याकडून एका कुटुंबाच्या आलिशान मोटरबोटीच्या गाद्या शिवायचं काम आलं. बोटीत दोन बेडरूम, स्वयंपाकघर, मागे उन्हात लोळायला ऐसपैस जागा. हे काम पसंत पडलं तर कारखान्याचं पुढचं कामही आम्हालाच मिळणार होतं. पुढच्या बेडरूमच्या पलंगाचा पुठ्ठ्याचा साचा एका टोकाला निमुळता होता. नवरा म्हणाला, "पुठ्ठा फाटलाय गं. झोपायची जागा कुठं अशी असती?" आणि त्याने चांगली चौकोनी गादी शिवली. गाद्या न्यायला आलेल्या कारखान्याच्या सुपरवायझरने कपाळाला हात लावला. "दादा, ही खोली बोटीच्या नाकात आहे. नाक चौकोनी केलं तर बोट पाणी कापणार कशी?" "आमी कवा बसलोय बोटीत?" नवरा पुटपुटला. मी शिवण उसवली, साचा ठेवून खडूने रेघ मारली आणि करवतीच्या पात्याने फोमचे दोन्ही कोपरे उडवले. "चहा घ्या, तोवर शिवून होते." चहा पिताना सुपरवायझर कापलेल्या कोपऱ्यांतल्याच एका तिकोनी तुकड्याला रेलून बसला. उठताना म्हणाला, "या दोन तुकड्यांना पण कापड चढवा. पुढच्या डेकवर टेकायला काही नाही, म्हणून मालकीणबाई कुरकुरतायत." पुढच्या बोटीचे साचे महिन्याभरात आले. आता नवा पुठ्ठा आला, की नवरा कात्री उचलण्याआधी फोन लावून विचारतो, "साहेब, पाणी कुठल्या बाजूला हाय?"