सहा ऋतूंची भिंत आणि एकतीस मे

"पेंटर, ही मेंढरं कोन्या गावची हायेत रे?"

मी स्टुलावर उभा होतो. हातात दोन नंबरचा ब्रश, समोर शाळेच्या व्हरांड्याची भिंत. मागं वळून बघितलं तर कोंडाबाई धनगरीण कमरेवर हात ठेवून उभी. तिच्यामागं तिची तीसेक मेंढरं. शाळेच्या हापशावर पाणी पाजायला ती त्यांना रोज घेऊन यायची.

"मेंढरंच आहेत मावशी. दिसत नाहीत का?"

"दिसून राहिलेत की. पांढरीफेक, गुबगुबीत. असं मेंढरू म्या जन्मात न्हाई पाह्यलं. ह्यांना साबणानं धुतेत काय?"

मी माझ्या भिंतीकडं बघितलं, मग तिच्या कळपाकडं. तिची मेंढरं काळी, तपकिरी, पाय काटकुळे, कान खाली लोंबलेले. माझी कापसाच्या गोळ्यासारखी. मागं बर्फाचा डोंगर. ज्या गावात निम्मी घरं धनगरांची, तिथं मी परदेशातली मेंढरं उतरवून ठेवली होती.

आता मी कोण, ते सांगतो. वारंगा फाट्यावर माझं पेंटिंगचं दुकान होतं. ट्रकच्या फळ्या, ढाब्याचे बोर्ड, नंबरप्लेट, लग्नघराच्या भिंतीवर गणपती आणि नवरा-नवरीची नावं, असलं सगळं काम. ट्रकवाल्यांना ठरलेली सीनरी लागायची. दोन डोंगर, मधी सूर्य, खाली नदी, एक झोपडी. ती मी डोळे मिटून काढत होतो. नवीन चित्र असलं की कॅलेंडर समोर ठेवायचं, त्यावर पेन्सिलनं चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन भिंतीवर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. आमच्या धंद्यात याला ग्राफ टाकणं म्हणतात. ग्राफ टाकता आला की माणूस काहीही काढू शकतो, असा माझा समज होता.

त्या वर्षी हिंगोली जिल्हा नवा झाला. सगळ्या सरकारी बोर्डांवरचं 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' लिहायचं काम निघालं. आमच्यासारख्यांची दिवाळीच. त्या कामासाठी मी फाट्यापासून जवळच्या या गावात गेलो. शाळेचा बोर्ड लिहून झाला. तेव्हा मुख्याध्यापक कदम गुरुजी म्हणाले, "साळवे, व्हरांड्यात खिडक्यांच्या मधी सहा जागा रिकाम्या आहेत. सहा ऋतू काढता का?"

"काढतो की. पंधरा दिवसांत देतो."

गुरुजी एकतीस मेला रिटायर होणार होते. त्या काळच्या निम्म्या गुरुजींची जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या सोयीनं लिहिलेली. तर जायच्या आधी एवढी भिंत व्हावी, हे त्यांच्या मनात होतं. म्हणाले, "पोरं वसंत, ग्रीष्म, वर्षा असं घडाघडा म्हणतात. हेमंतात काय होतं विचारलं की म्हणतात, मार्गशीर्ष आणि पौष. पुढं काही नाही. मी छत्तीस वर्षं हेच पाठ करून घेतलं. आता वाईट वाटतं."

तर त्या दिवशी मेंढरांवरून चाललेलं कोंडाबाईचं हसणं ऐकून गुरुजी बाहेर आले. तीन चौकटी झाल्या होत्या. त्यांनी चौथीचा वर्ग व्हरांड्यात उभा केला आणि विचारलं, "हे कुठलं आहे?"

सगळी लेकरं एका सुरात म्हणाली, "टीव्हीतलं!"

गुरुजी मला एवढंच म्हणाले, "पुसा."

माझं डोकं फिरलं. मी ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला, सायकल काढली आणि फाट्यावर निघून आलो. मनात म्हटलं, मेंढरं राखणारी बाई मला चित्र शिकवणार! दोन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. बायको म्हणाली, "बाई खरं बोलली म्हणून राग आला व्हय?" त्यावर तर जास्तच आला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः एसटीनं फाट्यावर आले. दुकानातल्या बाकड्यावर बसले, चहा घेतला.

"साळवे, तुमचा हात चांगला आहे. फक्त तुम्ही बघत नाही."

"गुरुजी, मी पेंटर आहे. बघायचंच काम करतो."

"कॅलेंडर बघता. आपण असं करू. जो ऋतू चालू असेल तोच काढायचा. वर्षा आत्ता, शरद दिवाळीच्या आसपास. गावात यायचं, हिंडायचं, मग ब्रश उचलायचा. शेवटचा ग्रीष्म. मेच्या शेवटच्या आठवड्यात ज्येष्ठ लागतोच. एकतीसच्या आत भिंत पुरी."

"पंधरा दिवसांच्या कामाला दहा महिने?"

"मला घाई आहे ती एकतीस मेची. त्यानंतर नवा माणूस येईल आणि तिथं पाढे लिहून घेईल. तेवढं होऊ देऊ नका."

मला नाही म्हणता आलं नाही.

तिन्ही चौकटींवर मी पांढऱ्याचे दोन हात मारले आणि भादव्यात वर्षा सुरू केला. आधी छत्री काढणार होतो. पण गावात फिरलो तेव्हा कळलं, छत्री एकट्या गुरुजींकडंच आहे. बाकी सगळे घोंगड्याची नाहीतर पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन फिरत होते. मग मी खोळ घेतलेली कोंडाबाई काढली, पाठमोरी. पावसाळ्यात ऑईल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो. तिच्या एका मेंढ्यानं त्या ओल्या चित्राला अंग घासलं आणि लोकर चिकटली. मी ती काढणार होतो. कोंडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. एक तरी खरं मेंढरू झालं." लोकर तशीच राहिली.

शरदात फुटलेला कापूस काढला. हेमंतात ज्वारीच्या शेतात मचाणावर उभी राहून गोफण फिरवणारी म्हातारी. तिला बघायला मी सलग चार सकाळी थंडीत कुडकुडत गेलो आणि दर वेळी हुरडा खाऊनच आलो. बायको म्हणायची, हे काम आहे का पाहुणचार!

शिशिराला खरी फजिती झाली. आमच्याकडं त्या दिवसांत हळद काढतात, कढईत शिजवतात आणि शेतात पसरून वाळवतात. मी पिवळ्या रंगाचा डबा फोडला आणि पसरलेली हळद झगझगीत पिवळी रंगवून मोकळा झालो. कोंडाबाई तेव्हा हळदीच्या कामावर रोजानं जात होती. हात पिवळे घेऊनच आली.

"पेंटर, ही तर पॉलिश केलेली झाली. दुकानातली. शिजवलेली हळद अशी असतीया काय? मळकी असती, मातीच्या रंगाची. मोडल्यावर मंग आत पिवळी."

तिनं कमरेच्या पिशवीतून एक कांडी काढली, कटकन मोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून धुळकट, आत केशरी. वीस वर्षं मी डब्यातला पिवळा वापरत होतो आणि जन्म हळदीच्या मुलखात काढला होता. मला खरंच लाज वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला, हे कबूल करतो. त्या दिवसापासून मी माणसांना, झाडांना थांबून बघायला लागलो. फाट्यावर ट्रकवाला सीनरी मागायचा तेव्हा मी त्याला विचारायचो, तुझ्या गावाकडं काय दिसतं ते सांग. काही हसायचे. काही सांगत बसायचे.

चैत्रात वसंत काढला. शाळेमागच्या पिंपळाची नवी पानं, तांब्याच्या रंगाची, उन्हात चमचमणारी. तो रंग मिळवायला माझे पाच दिवस गेले. पाच चौकटी झाल्या. गुरुजी रोज शाळा सुटली की व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचे. सहाव्या पांढऱ्या चौकटीशी थांबायचे आणि माघारी वळायचे.

मेच्या मध्याला मी वसंताखाली 'चैत्र–वैशाख' अशी अक्षरं लिहीत होतो. शाळेला सुट्टी होती, ऑफिसात गुरुजी एकटेच कागद आवरत होते. सहज विचारलं, "गुरुजी, ज्येष्ठ कोणत्या तारखेला लागतो? त्या दिवशी येतो."

त्यांनी पंचांग उघडलं. बोट फिरवलं. परत फिरवलं. मग खुर्चीवर मागं टेकले.

"तीन जून."

"असं कसं?"

"गेल्या साली अधिक महिना होता. सगळं पुढं सरकलं. माझ्या ध्यानातच आलं नाही." मग ते हसायला लागले, पण डोळ्यांत पाणी होतं. "लेकरांना नावं ठेवत होतो, साळवे. मीसुद्धा पाठच म्हणत होतो."

मी म्हटलं, "त्यात काय! बाहेर बघा, भाजून निघालोय. उद्याच सुरू करतो. थोडं आधी झालं तर कोणाचं काय बिघडतं?"

"नाही."

हापशावरून कोंडाबाईनं ऐकलं. तीपण पुढं आली. "गुर्जी, चार दिसासाठी काहून हट्ट करून राहिले? मेंढराला पंचांग कळतं व्हय? तापलं म्हंजे उन्हाळा."

"तुझं बरोबर आहे कोंडाबाई. पण खाली 'ज्येष्ठ–आषाढ' लिहायचं आणि वैशाखात काढायचं, मग दहा महिने आपण कशासाठी थांबलो?"

मी पुष्कळ विनवलं. खोटं कशाला बोलू, मी चिडलोसुद्धा. माझं चित्र अपुरं राहतं म्हणून नाही. ते बघायच्या आधी हा माणूस जातो म्हणून. पण गुरुजी हलले नाहीत.

एकतीस मेला निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. मागं पाच रंगीत चौकटी आणि एक पांढरी. गुरुजींनी किल्ल्या दिल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या गावाच्या एसटीत बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

तीन जूनला सकाळी सहाला मी डबे घेऊन शाळेत पोचलो. गुरुजी व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले. पहिल्या गाडीनं आले होते.

"मी आता इथला कोणी नाही," ते म्हणाले. "पण बादली धरायला हुद्दा लागत नाही ना?"

आदल्या दोन दुपारी मी कोंडाबाईचा कळप बघून आलो होतो. उन्हाळ्यात शेतकरी खतासाठी रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. भर दुपारी सावलीचं पान नसतं. तेव्हा मेंढरं गोल करून उभी राहतात आणि प्रत्येक मेंढरू आपलं डोकं शेजारच्याच्या पोटाखाली घालतं. ज्याचं त्याचं अंग उन्हात, डोकं दुसऱ्याच्या सावलीत. मी तेच काढलं. काळी नांगरट, पांढरं पडलेलं आभाळ आणि मधी तो काळा-तपकिरी गोळा. ग्राफ टाकला नाही. दोन सकाळी लागल्या. गुरुजी पाणी आणायचे, ब्रश धुवायचे, आणि मधीच थांबून बघत राहायचे.

कोंडाबाई आली. चित्राच्या जवळ गेली. मग एका मेंढरावर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी लंगडी." खरंच तीच होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला नव्या मुख्याध्यापक बाई चार्ज घ्यायला आल्या. वयानं लहान, हातात फाईल. गुरुजी एखाद्या पोरानं उठावं तसे घाईघाईनं उठले.

बाईंनी विचारलं, "आपण?"

गुरुजींनी हातातला ब्रश मागं लपवला. "काही नाही... रंग वाळला का, ते बघायला आलो होतो."

बाई माझ्याकडं वळल्या. "किती दिवस लागतात वाळायला?"

जूनच्या त्या उन्हात ऑईल पेंट संध्याकाळच्या आत खडखडीत वाळतो. सकाळी काढलेला कोपरा तर तेव्हाच वाळला होता. मी गुरुजींकडं बघितलं. ते आपल्या चपलांकडं बघत होते.

"सांगता येत नाही बाई," मी म्हणालो. "भिंत जुनी आहे. रोज कोणीतरी येऊन बघावं लागतं. जाणकार माणूस पाहिजे."

बाईंनी त्या कोपऱ्याला बोट लावलं. बोट कोरडंच निघालं. त्यांनी ते बघितलं, मला बघितलं, गुरुजींना बघितलं.

"मग गुरुजी, तुम्हीच येत जा," त्या म्हणाल्या. "शाळा उघडली की लेकरंही असतील. त्यांनाही दाखवा कसं बघायचं ते."

रंग दिवाळीपर्यंत वाळत होता. भिंतीवर पाढे आले नाहीत.

पुढं फ्लेक्स आले, माझं दुकान बसलं, ती गोष्ट वेगळी. पण हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी एक सांगितलं. रंग वाळायला किती वेळ लागतो ते डब्यावर छापलेलं असतं. ते वाचावं जरूर, पण सांगताना विचारणाऱ्याचं तोंड बघून सांगावं.