मुंगीच्या उंचीचा रॅक

आत्याने मुलींना बिघडवलं, असं अजूनही कुणी म्हणालं की माझं डोकं तडकतं. बिघडलेल्या मुली म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी आता आपापल्या पायांवर उभ्या आहोत आणि भूक लागली की कुणाला न विचारता खातो. बिघडलो ते एवढंच.

आत्या पंपांच्या कारखान्यात टूल स्टोअर सांभाळायची. तिच्या खिडकीमागे भिंतभर फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, कानशीची आकृती पिवळ्या रंगाने काढलेली. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती लांबूनही दिसायची, आणि वस्तू ज्याने नेली त्याचा पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला लटकलेला असायचा. वस्तू परत आली की बिल्ला परत. या एका नियमावर ती दोनशे माणसांना सरळ ठेवायची. भल्याभल्या फोरमनना तिने "आधी बिल्ला, मग बोला" असं सुनावून खिडकीतून माघारी धाडलं होतं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ झाला नाही. तुम्हाला झाला, बरं झालं."

आई-बाबा एकाच अपघातात गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी, मुंगी, पाच. थोरल्या काकांनी आम्हाला त्यांच्या घरी नेलं. काकू दुष्ट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना लगेच दुष्ट काकू हवी असते. त्या फक्त खाण्याच्या कपाटाला कुलूप लावायच्या आणि किल्ली कमरेला खोचायच्या. मागितलं की "आत्ताच तर जेवलात" म्हणायच्या, मग उठायच्या, मग द्यायच्या. तो मधला वेळ मला सोसायचा. मुंगीला सोसला नाही. तिने मागणं सोडलं आणि पानातलीच पोळी लपवून उशीखाली ठेवायला लागली. मुंगी हे नाव तिला तिथेच पडलं. एका रविवारी आत्या आलेली असताना उशीखालून अर्धं केळं निघालं. काकूंनी ते पाहुण्यांसमोर धरलं आणि म्हणाल्या, "बघा, घरात चोर पाळलाय."

आत्या चहा अर्धा टाकून उठली. "पोरींनो, कपडे भरा."

काका म्हणाले, "अगं, मुलं म्हणजे पाने-हातोड्या नव्हेत. तू दिवसभर कामावर, यांना बघणार कोण?"

"मी बघेन."

"तीन महिने देतो तुला. त्यानंतर येऊन बघेन. घडी बसलेली नसली तर परत घेऊन जाईन. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. ती शब्दाची पक्की होती, म्हणून पुढचे तीन महिने मी एकेक दिवस मोजत होते.

तिच्या दोन खोल्यांत पोचल्यावर तिने आमच्या शाळेचा विचार नंतर केला, आधी जुन्या लोखंडी रॅकचे पाय करवतीने कापले. मुंगीला शेजारी उभं करून तिच्या कोपराएवढी उंची धरली. मग वर पारदर्शक बरण्या मांडल्या. एकीत शेंगदाणे, एकीत मनुका, एकीत बिस्किटं. खाली टोपलीत केळी आणि सोललेली गाजरं, बाजूला तोटी असलेलं पाण्याचं भांडं, तीन वाट्या, हात पुसायचं फडकं. प्रत्येक बरणीचं झाकण मुंगीकडून उघडवून घेतलं. मनुकांचं अडकत होतं, ते आत्याने कानशीने घासलं. शेवटी बरण्यांभोवती पिवळ्या रंगाच्या आकृत्या काढल्या, भिंतीत खिळे ठोकले आणि आमच्या दोघींच्या हातात एकेक बिल्ला दिला.

"शाळेतून आलात, भूक लागली, की घ्यायचं. विचारायचं नाही. ज्यातलं घेतलं तिथे बिल्ला लावा, म्हणजे संध्याकाळी काय भरायचं ते मला कळेल."

बिल्ल्याशिवायही घर चालतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारच्या मास्तरीणबाई डोकावल्या. "हॉटेल काढलंत की काय? अशाने मुली डोक्यावर बसतील."

"बसू देत. डोकं माझं आहे."

पहिल्या आठवड्यात मुंगीने मास्तरीणबाईंना खूश केलं. मनुकांची अख्खी बरणी संपवली आणि ओकली. आत्याने फरशी पुसली, मुंगीला पाणी पाजलं आणि बरणी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. मास्तरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, आता तरी बंद करा." आत्या कडाडली, "बरणी भरलेली आणि पोर उपाशी, असलं स्टोअर मी चालवत नाही!" मला तेव्हा ती इतकी आवडली की मी उगाचच रडले.

महिनाभरात सगळं शांत झालं. उशीखाली काही सापडेना, बरण्याही पटापट संपेनात. मुलीचं पोट भरलं, मन भरलं, असं म्हणत आत्या खुशीत होती. तेवढ्यात एका शनिवारी आम्हाला सुट्टी होती म्हणून तिने आम्हाला कारखान्यात नेलं. आम्ही खिडकीमागे स्टुलावर बसून गंमत बघत होतो. लेथवरच्या एका टर्नरने ड्रिल हरवलं होतं आणि तो आपला बिल्ला परत मागत होता. "वस्तू परत आल्याशिवाय बिल्ला नाही," आत्याने ठणकावलं. "आणि दोनदा असं झालं तर माझ्या स्टोअरची पायरी चढायची नाही." मी हसले. मुंगी हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

पुढच्या आठवड्यात आत्या बिस्किटं भरत होती. हात थांबला. बरणीत अर्धी बिस्किटं होती, कडेला बारीक दातांच्या खुणा. शेंगदाण्यांच्या बरणीत गाजराचा चावलेला तुकडा.

"हे कुणी केलं गं?"

मुंगी भिंतीला चिकटली. "मी सगळं खाल्लं नाही. अर्धं परत ठेवलं. आता मी बिल्ला काढू?"

आत्याला कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. पोरगी रोज थोडं खाऊन उरलेलं परत करत होती, म्हणजे तिचा बिल्ला लटकलेला राहणार नाही, म्हणजे तिला कुणी घालवून देणार नाही.

आत्या तिच्यासमोर फरशीवर बसली. "चूक माझी आहे, बाळ. ड्रिल परत करायचं असतं. खाऊ नाही. घरात घेतलेलं परत करायचं नसतं."

मुंगीने विचार केला. "आणि आम्हाला? काका आले की आम्हाला परत करणार?"

खोटं बोलणं आत्याला जमत नसे आणि शब्द तर दिलेला होता. ती उठली, दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकले आणि पकडीने भिंतीतले खिळे एकेक करून उपटले. उत्तर दिलं नाही. मी तिच्यावर चिडले होते, हेही सांगून टाकते.

तीन महिने भरले त्या दुपारी काका-काकू आले. आत्याने रजा टाकली होती. काकूंनी खोली बघितली, मग रॅक बघितला. "सगळं उघडंच? आणि मुली वाटेल तेव्हा खातात?"

"भूक लागते तेव्हा खातात, वहिनी."

"म्हणजे शिस्त म्हणून काही नाहीच."

मुंगी आतून आली. काकूंना बघून जागच्या जागी थिजली. तरी रॅकपाशी गेली, झाकण फिरवलं आणि वाटीत मनुका काढल्या.

"कुणाला विचारलंस?" काकू म्हणाल्या. तोच आवाज.

मुंगीने आत्याकडे पाहिलं. मग वाटी काकूंपुढे ठेवली. "इथे विचारायचं नसतं. तुम्हीपण घ्या."

काकूंनी वाटीला हात लावला नाही. काकांनी दोन मनुका उचलल्या, चघळल्या आणि घसा साफ केला. "हे बघ, घडी काही बसलेली दिसत नाही, आणि तसं ठरलं होतं. तू कबूल केलं होतंस. मुलींचं सामान भर."

"कबूल केलं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज खिडकीतल्यासारखाच होता. "बावीस वर्षं स्टोअर सांभाळते, दादा. कुणाची एक वस्तू ठेवून घेतली नाही, दिलेला शब्द मोडला नाही. आज मोडते. मुली मिळणार नाहीत."

"मिळणार नाहीत म्हणजे?"

"घरात घेतलेलं परत करायचं नसतं."

काका बरंच बोलले. आत्या दार उघडून उभी राहिली आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तशीच उभी होती. ते दोघं जिना उतरले तेव्हा मनुकांची वाटी तशीच जमिनीवर होती. मुंगीने ती उचलली. बरणीकडे पाहिलं, पण झाकण उघडलं नाही. खाली मांडी घालून बसली, शेवटची मनुका संपेपर्यंत खाल्लं आणि वाटी धुवायला टाकली.