मुलीचा चौकोन

हे कोणी वाचणार नाही, तरी माझं अक्षर आणि चुका माफ असाव्यात. शाळा चौथीतच सुटली. आज शेजारच्या लग्नाची पत्रिका आली, ताज्या शाईचा वास आला आणि आळेफाट्याचं छपाईचं दुकान आठवलं. मी तिथं पत्रिकांना घड्या घालायचे. कॉम्प्युटरवर पत्रिकेचे चौकोन तयार असायचे, गणपतीचा, मुलाचा, मुलीचा, कार्यालयाचा. मालक ते एकाखाली एक जोडायचे. माझ्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी तशीच जुळवून ठेवली होती. एका दुपारी माझे होणारे सासरे आले. मी समोर बसलेली दिसत असूनही म्हणाले, "भाऊ, समदं तेच राहू द्या, तारीखबी तीच. मुलीचा चौकोन तेवढा बदला." मालक माझ्याकडे बघायला लागले. "अवो, पण ही?" "लई मुकी हाये राव. सुपारी फुटली तरी तोंड उघडलं न्हाई." मी हातातली घडी पुरी केली. पडद्यावरून माझं आणि आईवडिलांचं नाव गेलं, तिथं दुसरी मुलगी बसली. बाकी पत्रिका जराही हलली नाही. छापून आल्यावर घड्या मीच घातल्या. अजून पत्रिका आली की मी आधी मुलीचं नाव वाचते. माझ्या वडिलांनी छपाईसाठी दिलेले पैसे मात्र मालकांनी त्याच दुपारी माझ्या मांडीवर ठेवले होते, सगळेच्या सगळे.